चांदण्या पाखातलं आढं

मी बारावीला होते तेव्हा आम्ही सात जण एका खोलीत राहत होतो. खुलताबादच्या वेशीच्या आतली, पत्र्याची, भाड्याची खोली. तात्या म्हणजे माझे मोठे काका, काकू, त्यांची दोन लेकरं आणि आम्ही तिघं. वडिलांना मी दादा म्हणते, आईला माय. डोंगराच्या कडेला दोघा भावांत मिळून दीड एकर मुरूम होता, त्याला जमीन म्हणायचं ते फक्त सातबाऱ्यावर. दोघंही मिळेल त्या कामाला जायचे. संध्याकाळी सात ताटं मांडली की खोली संपायची. पुस्तक उघडलं की कुणाचा तरी पाय त्यावर पडायचा, आणि ज्याचा पाय पडला तो वाकून पुस्तकाला नमस्कार करायचा. माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाला दिवसातून दहा वेळा नमस्कार व्हायचा. वाचलं जायचं नाही.

अकरावी कशीबशी निघाली. तात्यांनी तेव्हाच सांगून टाकलं, "बारावी निघाली तर शिक म्हणा बापा. नाय निघाली तर उन्हाळ्यात उरकून टाकू. सिल्लोडचं स्थळ हाय. पोरगं कापसाच्या गाडीवर जातंय, घरची दोन एकर मका हाय." तात्या वाईट माणूस नव्हते. खोलीत माणसं जास्त झाली होती, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं.

हे सगळं आठवायचं ठरवलं नव्हतं. पण दर वर्षी थंडी सरत आली की शहरात चौकाचौकात पेरूच्या गाड्या लागतात. तिखट-मीठ भुरभुरलेल्या फाका, वर एक हिरवं पान ठेवलेलं. त्याच आठवड्यात माझ्या हातात बारावीच्या पर्यवेक्षणाचं पत्र पडतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तीन तास वर्गात फिरायचं, बसायचं नाही, पोरींच्या वाकलेल्या माना बघायच्या. पायाच्या पोटऱ्या भरून येतात. घरी जाताना रिक्षात पेरूचा वास आला की मला नाकात दोन वास येतात, एक पेरूचा आणि एक कुजलेल्या घायपाताचा. दुसरा वास रिक्षात नसतो, हे मला माहीत आहे.

यंदा तर कहरच झाला. महाविद्यालयाचं निसर्ग शिबिर म्हैसमाळच्या वाटेवर होतं आणि सोबत जायची पाळी माझी. पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक आले होते. टोपी, गळ्यात शिट्टी, पँटला नऊ खिसे. पोरांना गोल बसवून त्यांनी विचारलं, "समजा, जंगलात अडकलात. सगळ्यात आधी काय लागेल?"

"चार्जर," एक पोरगा म्हणाला. सगळे हसले, मीही हसले.

"निवारा," सर म्हणाले. "अन्नावाचून काही दिवस निघतील, पण थंडीत उघड्यावर एक रात्र निघणार नाही. आज आपण फक्त निसर्गात मिळेल त्यातून निवारा बांधायचा. खिळा नाही, सुतळी नाही."

मी एका दगडावर बसून घेतलं. आदल्या दिवशी दोनशे प्रात्यक्षिक वह्या तपासल्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशी माझ्या चुलतभावाच्या पोराचा प्रवेशाचा अर्ज भरून दिला होता. आमच्या घरात कागद आला की तो माझ्याकडे येतो. दवाखान्याची फाइल असो, बँकेचं पुस्तक असो, नाहीतर कुणाच्या नावातली चूक असो. "वैशे, तेवढं बघ," म्हणतात. वैशालीची वैशे. मी बघते. तर मी दगडावर बसले होते आणि समोर पोरं काटक्या गोळा करत होती, एकमेकांचे फोटो काढत होती, आणि मला झोप येत होती.

पोरांनी दोन वाय-आकाराच्या फांद्या रोवल्या. त्यांना आम्ही मेढी म्हणतो. त्यावर एक आडवं लाकूड टाकलं. ते आढं. आढं चढलं की खोपीचा कणा तयार झाला. माझी झोप उडाली.

आमची खोप चाचांच्या पेरूच्या बागेत होती, गावापासून चालत अर्ध्या तासावर, डोंगराच्या उताराला. बागेचे मालक तेच, पण कुणी त्यांना मालक म्हणायचं नाही, सगळं खुलताबाद चाचाच म्हणायचं. दिवाळीला दादांना त्यांनी बागेची राखण दिली. पेरू संपेपर्यंत बागेतच राहायचं. पोपट, वानरं आणि रात्रीची वटवाघळं, एवढ्यांपासून फळ सांभाळायचं. मी दादांच्या मागे लागले, "मी पण येते. माय पण येईल. तिथं मला वाचायला जागा होईल." दादा म्हणाले, "खोप बांधावी लागंल. पुनव होऊ दे, अंधाऱ्या पाखात लाकूड तोडू."

आमच्याकडं चांदण्या पाखात, म्हणजे चंद्र वाढता असताना, बांधकामाचं लाकूड तोडत नाहीत. तेव्हा झाडात रस चढलेला असतो, अशा लाकडाला घुण लागतो, असं म्हणतात. चंद्र उतरायला लागला की मग तोडायचं. आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बोलत होतो. अंधारा पाख लागायला बारा दिवस होते.

"बारा दिवस कशाला घालवायचे?" मी म्हणाले. मी विज्ञानाची पोरगी नव्हते, कला शाखेची होते, पण शाळेत शिकलेली होते. "चंद्राचा आन लाकडाचा काय संबंध, दादा? पुस्तकात असं कुठंच नाही."

पुस्तकात नाही म्हटल्यावर दादांना बोलता येईना. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला पुस्तकाचं नाव सांगून गप्प करणं फार सोपं असतं, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी ते वापरलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी आढ्यासाठी बांधावरची सुबाभूळ तोडली.

बाकी खोप मात्र त्यांनी त्यांच्या पद्धतीनं बांधली. मेढी बाभळीच्या, हातभर खोल गाडलेल्या. भिंतीला मागल्या सालच्या तुराट्यांचा कूड, त्याला आतबाहेर शेणमातीचा लेप. बांधायला सुतळी विकत आणायची नव्हती, म्हणून डोंगरावरून घायपात कापून आणला आणि ओढ्यातल्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवला. आठवड्यानं तो कुजला. दगडावर बडवला की मगज निघून जातो आणि पांढरा वाख, म्हणजे बांधायचा धागा, उरतो. त्या बडवण्याचा वास इतका वाईट, की मायनं दोन दिवस दादांना भाकरी लांबून दिली. मग गवत. गवत खालून वर रचतात. पहिली ओळ वळचणीला, दुसरी तिच्या अर्ध्या पाठीवर, तिसरी दुसरीच्या. सगळ्या काड्यांची शेंडी खाली. "पाण्याला उतार दावला की पानी आत येत नाय," दादा म्हणायचे. "पान्याला अडवायचं नसतंय. त्याला फकस्त वाट दावायची."

लोकांना मी हे सांगितलं की ते म्हणतात, किती छान असेल ना, निसर्गात! छान नव्हतं. जमिनीतून ओल यायची, केसांत गवताचं कूस अडकायचं. एकदा मायच्या उशाला विंचू निघाला. अंघोळीला आडोसा म्हणून मायनं जुनं लुगडं बांधलं होतं, ते वारा लागला की उडायचं, आणि आमच्यापैकी एकीला ते धरून उभं राहावं लागायचं. मला त्या खोपीचं कौतुक नाही. पण खरं सांगायचं तर जन्मात पहिल्यांदा पुस्तक उघडून ठेवलं आणि त्यावर कुणाचा पाय पडला नाही, ते तिथंच.

सकाळी पोपटांचे थवे यायचे. त्यांना हाकलायला डबा वाजवतात. माझं डोकं त्या डब्यानं उठायचं, म्हणून मी पुस्तकच मोठ्यानं वाचत बागेतून फिरायचे. लोकसंख्येची घनता. राज्यघटनेचा सरनामा. आवाज मोठा असला की पोपटांना काय, डबा काय आणि घटना काय. चाचा एकदा बांधावर उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "वैशाली बेटा, तेरे तोते बी पास हो जायेंगे इस साल."

संक्रांतीच्या आसपास एक दिवस पुस्तक उघडलं तर पानावर पिवळसर भुगा पडलेला. मी फुंकर मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मोहरीएवढा ढीग, अगदी त्याच जागी. वर बघितलं तर आढ्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. दुपारी बागेत सगळं गप झालं की आतून आवाज यायचा, कर्र, कर्र. कुणीतरी सावकाश पापड खातंय असा.

मी काही दिवस ते कुणाला सांगितलं नाही. चटई सरकवली आणि दुसरीकडं बसून वाचायला लागले. पण भुगा रोज पडायचा, आणि मायच्या नजरेतून घरातलं काही सुटत नाही.

"अवो, ह्ये बघा," तिनं दादांना बोलावलं. "आढं घुणलंय."

दादांनी आढ्यावर बोटानं टकटक केलं. कान लावला. ते मला म्हणू शकले असते, की तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय ते काढ आता. तेव्हाच नव्हे, आजपर्यंत म्हणाले नाहीत. हे त्यांचं न बोलणं मला फार जड गेलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आढं बदलायचं तर सगळं छप्पर उतरावं लागंल," ते शेवटी म्हणाले. "परीक्षेच्या तोंडावर कुठं उतरायचं? मधी टेकू लावू. टिकंल तवरोक."

"मग लावा की आज."

"आज कसा? आत्ताशी षष्ठी हाय. अंधारा पाख लागू दे."

माय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ऐकलं का गं वैशे? छप्पर डोक्यावर पडायलंय, आन हे चंद्राला इचारायलेत!"

"एकदा नाय इचारलं," दादा म्हणाले, "तर ह्ये झालं."

पुस्तकात नाही, हे मी त्या वेळी म्हणाले नाही. दहा-बारा दिवस आम्ही आढ्याखालून जाताना मान आपोआप खाली घालून जायचो, देवळात शिरल्यासारखं. पौर्णिमा गेली, तिसऱ्या दिवशी दादांनी बाभळीची जाड फांदी तोडून आणली आणि आढ्याच्या बरोबर मधोमध टेकू उभा केला. तो आला माझ्या वाचायच्या जागेत. खोप आधीच एवढीशी, आता तिच्या पोटात खांब. मग मी त्याला पाठ लावूनच बसायला लागले. पुढचा दीड महिना मी त्या टेकूला टेकून वाचलं. छपराचं सगळं ओझं त्याच्यावर होतं आणि वर मी. दमलास का म्हणून त्याला कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत पेरू संपले. राखण संपली म्हणजे खोप मोडून परत सात जणांत जायचं. दादा चाचांकडं गेले तेव्हा मी सोबत होते. दादा नुसतेच उभे राहिले, मागायची सवय नव्हती. चाचांनीच विचारलं, "बच्ची का इम्तिहान कब है?"

"पुढल्या हप्त्यात सुरू व्हतंय. महिनाभर चालंल."

"तो फिर? रहो ना. पेरू नहीं तो क्या हुआ, बेटी तो है ना राखण को."

पहिले पेपर बरे गेले. अर्थशास्त्राच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ काळंनिळं झालं. मार्चमध्ये आमच्याकडं गारा पडतात. हिवाळ्याभरात जे आलं नाही ते त्या एका दुपारी आलं. आधी वारा, मग लिंबाएवढी गार एक, दोन, आणि मग मोजता येईना. कूड हलायला लागला. आढं करकरलं. आता तो पापड खाल्ल्याचा आवाज नव्हता, लाकूड चिरतानाचा होता. मायनं डाळीचा डबा आणि माझी पुस्तकं गोधडीत गुंडाळली आणि त्यावर स्वतः बसली.

दादा टेकूशेजारी येऊन उभे राहिले. दोन्ही तळहात वर केले आणि आढ्याला लावले.

"तू वाच," म्हणाले.

"काय वाचू? अंधार झालाय. पुस्तकावर माय बसलीय."

"मग पाठ असंल ते म्हण."

मी म्हणायला लागले. जे तोंडात आलं ते. "इतर परिस्थिती स्थिर असताना वस्तूची किंमत वाढली की मागणी कमी होते..."

वर गारांचा मारा चालला होता. दादांच्या मनगटावरून भुगा खाली येत होता, डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर. ते पिवळे दिसायला लागले होते, जेजुरीला जाऊन आल्यासारखे.

"कंची परिस्थिती स्थिर?" त्यांनी मान वर ठेवूनच विचारलं.

"इतर."

"इतर म्हंजे?"

"बाकीची सगळी."

माय गोधडीवर बसल्या बसल्या आधी फुसकन हसली, मग पदर तोंडाला लावून हसतच राहिली. "ज्यानं लिव्हलं त्याला म्हणावं ये इथं, बस थोडा येळ!" दादाही हसले, पण हात खाली घेतले नाहीत. मी पुढं म्हणत राहिले. मागणीचा नियम, त्याचे अपवाद, पुरवठ्याचा नियम. किती वेळ गेला सांगता येणार नाही. गारा थांबल्या तेव्हा मी राष्ट्रीय उत्पन्नापर्यंत पोहोचले होते. बाहेर बाग पांढरी झाली होती, पेरूची अर्धी पानं जमिनीवर. खोलीवरचा एक पत्रा उडाला, असं नंतर तात्यांनी सांगितलं. आमच्या खोपीत दाराशी थोडं भिजलं होतं, तेवढंच. दादांनी हात खाली घेतले, पण ते लगेच सरळ होईनात. मायनं तेल लावून बराच वेळ चोळले.

दुसऱ्या दिवशी पेपरात मागणीचा नियम आला होता. मी लिहिला. अपवादांसकट.

शिबिरात पोरांनी आता गवत रचायला घेतलं होतं, वरून खाली. आढ्यापासून सुरुवात केली आणि खालची ओळ वरच्या ओळीच्या वर आली. मी उठले. गुडघे वाजले.

"सर, हे गळेल."

सर नम्र होते. "कसं करू, मॅडम?"

मी बसून पहिली ओळ वळचणीला लावून दाखवली. हातांना अजून माहीत होतं. काड्यांची शेंडी कुठल्या बाजूला, मूठ केवढी, हे हात मला न विचारता करत होते. माझ्या वर्गातली आर्या बाजूला उकिडवी बसून बघत होती.

"मॅडम, तुम्ही राहिलायत अशात?"

"चार-साडेचार महिने."

"अय्या! कुठल्या कॅम्पला?"

मी विचार केला, सांगावं का. एवढं सगळं सांगायचं म्हणजे पुन्हा त्या खोलीपासून सुरुवात करावी लागते, सात ताटांपासून. आणि सांगून झालं की लोक म्हणतात, किती जिद्द! जिद्दीचा मला कंटाळा आला आहे. जिद्द वगैरे नव्हती. जागा पाहिजे होती.

"पेरूच्या राखणीला," मी म्हणाले. तिला कळलं नाही. मग मी आढ्याला हात लावून त्याचं टोक बघितलं. ओलं होतं, नुकतंच तोडलेलं. मान वर केली तर दिवसाउजेडी चंद्राची अर्धी कोर होती, वाढती. मी पुढची ओळ रचायला घेतली. त्यांना एकच रात्र काढायची होती.

दादा आता माझ्याकडं सिडकोत असतात. माय तीन वर्षांपूर्वी गेली. दादांना ऐकू कमी येतं, पण मागच्या वर्षी दिवाण घ्यायला गेलो तर दुकानदाराला मोठ्यानं विचारलं, "लाकूड कंच्या पाखात तोडलंय?" तो पोरगा गोंधळला. "काका, हे लाकूड नाही, प्लायवूड आहे." दादा माझ्याकडं वळून म्हणाले, "मग चालंल. त्यात घुणाला खायलाच काय नाय." मी शिबिरातून परत आले तेव्हा दादा बाल्कनीत बसले होते. मी पाय वर घेऊन शेजारी बसले आणि सांगितलं, पोरांनी खोप बांधली, गवत उलटं लावलं होतं.

"आढं कशाचं?"

"ओलंच होतं. चांदण्या पाखातलं."

"तुजं झालं ना पन काम?" म्हणाले. मला आधी कळलं नाही, ते कुठल्या आढ्याविषयी बोलत होते. मग कळलं. "झालं," मी म्हणाले. मी पेरू चिरून आणला. त्यांना दात नाहीत, मऊ गाभा तेवढा खातात.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही खोप मोडली. रिकामी खोप उभी सोडायची नसते, त्यात जनावर राहायला येतं. जो बांधतो त्यानंच उतरवायची. गवत चाचांच्या म्हशीला गेलं. तुराट्या चुलीला. वाखाच्या गाठी दादांनी एकेक करून सोडवल्या, तोडल्या नाहीत. सगळ्यात शेवटी टेकू काढला आणि आढं दोघांनी दोन टोकांना धरून खाली घेतलं, एका टोकाला दादा, एका टोकाला मी. कमरेपर्यंत आलं आणि मधोमध मोडलं. जोर लागला नाही, भाकरी मोडावी तसं मोडलं. आत नुसता भुगा. आम्ही दोघंही हातातल्या अर्ध्या-अर्ध्या लाकडाकडं बघत उभे राहिलो.

आढं माझ्या शेवटच्या पेपरापर्यंत टिकलं होतं. जूनमध्ये निकाल लागला, मी बारावी पास झाले. तीन वर्षांनी बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी झालं नव्हतं.